लुटीचा परवाना आणि जहाजांची नावे

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात सँ-मालो नावाचे एक बंदर आहे. गावाभोवती दगडी तट आहे. भरतीच्या वेळी समुद्र तटाच्या पायाशी येऊन आपटतो, ओहोटीला मैलभर वाळू उघडी पडते. तटाजवळच्या एका छोट्या बागेत रोबेर सुरकूफ नावाच्या दर्यावर्दीचा पुतळा उभा आहे. त्याचा एक हात समुद्राकडे रोखलेला आहे. ज्या दिशेला बोट आहे, तिकडे इंग्लंड.

काही वर्षांपूर्वी मी त्या पुतळ्यापाशी उभा असताना बाकावर बसलेल्या एका वृद्ध बाईंनी मला कुठून आलात, असे विचारले. मुंबईहून, म्हटल्यावर त्या हसल्या. "मग याला तुम्ही ओळखत असाल. तुमच्याच समुद्रात त्याने इंग्रजांची जहाजे पकडली. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात?"

मला उत्तर देता आले नाही, कारण आपल्याकडे त्याला काहीच म्हणत नाहीत. इंग्रज त्याला चाचा म्हणत. फ्रेंच 'कोर्सेर' म्हणतात आणि हा शब्द अभिमानाने उच्चारतात. एकाच माणसाला दोन भाषांत दोन नावे आहेत. शिवाय त्याच्या नावाने फ्रान्सच्या नौदलाने एकामागून एक लढाऊ जहाजे बांधली. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी जे वाचले, त्यातून हा लेख झाला.

चाचा आणि कोर्सेर

चाचा स्वतःसाठी लुटतो. त्याला राजा नाही, निशाण नाही, आणि सापडला तर फाशी. कोर्सेरही लुटतो, जहाज खासगी, पैसा व्यापाऱ्यांचा, खलाशी पगाराऐवजी लुटीतल्या वाट्यावर आलेले. मात्र त्याच्याजवळ राजाच्या नावाने दिलेला एक परवाना असतो. त्याला 'लेत्र द मार्क' म्हणत. युद्ध चालू असेतोवर शत्रूची जहाजे धरण्याची मुभा त्यात असे. तो सापडला तर युद्धकैदी ठरे, त्याला फाशी देता येत नसे.

हा परवाना म्हणजे नुसता शिक्का नव्हता. चौदाव्या लुईने ऑगस्ट १६८१ मध्ये जो सागरी कायदा जाहीर केला, त्यात या धंद्याचे नियम तपशीलवार दिले आहेत. परवाना घेणाऱ्याने १५,००० लिव्हरांचा जामीन द्यायचा. पकडलेले जहाज बंदरात आणायचे, त्याची कागदपत्रे जपून ठेवायची आणि पकड कायदेशीर होती की नाही, याचा निवाडा होईपर्यंत मालाला हात लावायचा नाही. निवाडा बाजूने लागला की माल विकून दहावा हिस्सा अ‍ॅडमिरलचा. वेगळा करार नसेल तर उरलेल्यातले दोन भाग जहाजमालकांचे आणि एक भाग खलाशांचा. पाठलाग करताना खोटे निशाण लावलेले चाले. परंतु तोफ डागण्यापूर्वी स्वतःचे खरे निशाण चढवलेच पाहिजे. दोन वेगवेगळ्या राजांचे परवाने बाळगणारा कप्तान मात्र सरळ चाचा समजला जाई.

राज्यकर्त्यांना याची गरज का पडली? १६९२ मध्ये ला हूगच्या लढाईत फ्रेंच आरमाराचे मोठे नुकसान झाले. नवी जहाजे बांधायला खजिन्यात पैसा नव्हता. किल्ले बांधण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या व्होबाँ या अभियंत्याने १६९५ मध्ये एक टिपण लिहून सुचवले, की इंग्लंड आणि हॉलंडचे बळ त्यांच्या व्यापारात आहे, तेव्हा घाव तिथे घालावा आणि तो खासगी जहाजांकरवी घालावा. मोठ्या आरमाराशी समोरासमोर न भिडता त्याची रसद तोडायची, ही युक्ती मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की इथे तिच्यात व्यापाऱ्यांची भागीदारी होती.

तिघांची गोष्ट

या व्यवस्थेतून पुढे आलेला पहिला मोठा माणूस जाँ बार. जन्म १६५०, गाव डंकर्क. तरुणपणी त्याने डच आरमारात रॉयटर या नामांकित सेनानीच्या हाताखाली काम शिकले. १६७२ मध्ये फ्रान्स आणि हॉलंडचे युद्ध पेटले, तेव्हा तो डचांची नोकरी सोडून परतला आणि त्यांचीच जहाजे पकडू लागला. तो उमराव घराण्यातला नव्हता, त्यामुळे राजाच्या आरमारात वर चढण्याची वाट त्याच्यासाठी सोपी नव्हती. कोर्सेर म्हणून मिळवलेल्या नावावर तो तिथे पोचला.

१६८९ मध्ये इंग्रजांनी त्याला फोर्बँ या साथीदारासह पकडून प्लिमथला ठेवले. दोघे निसटले आणि एका लहान होडीत वल्ही मारत इंग्लिश खाडी ओलांडून ब्रिटनीच्या किनाऱ्याला लागले. पण डंकर्कचे लोक त्याला आजही ज्यासाठी आठवतात, ती गोष्ट वेगळी आहे. १६९३-९४ मध्ये फ्रान्समध्ये भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे दगावली. बाल्टिककडून विकत घेतलेले धान्य घेऊन शंभरावर जहाजांचा ताफा येत होता. तो डच आरमाराने वाटेतच धरला. २९ जून १६९४ रोजी टेक्सेलजवळ जाँ बारने डचांवर चाल करून तो परत हिसकावला. धान्य फ्रान्सला पोचले, भाव उतरले आणि त्याच वर्षी राजाने त्याला उमरावपद दिले. डंकर्कच्या कार्निव्हलमध्ये दरवर्षी अखेरीस जमाव त्याच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकून गाणे म्हणतो. उपाशी गावाने धान्य आणणाऱ्यापुढे गुडघे टेकावेत, यात नवल नाही.

दुसरा रेने द्युगे-त्रुएँ. हा सँ-मालोचा, जन्म १६७३. तोही १६९४ मध्ये इंग्रजांच्या हाती लागला, प्लिमथलाच कैदेत पडला आणि तिथून निसटला. त्याची सर्वांत मोठी मोहीम १७११ ची. ब्राझीलचे रिओ द जानेरो तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होते. सप्टेंबरात धुक्याचा फायदा घेत त्याचा ताफा किल्ल्यांच्या तोफांसमोरून थेट उपसागरात घुसला आणि त्याने शहर घेतले. ते सोडण्यासाठी त्याने ६,१०,००० क्रुझादोंची खंडणी, वर साखरेच्या पेट्या आणि गुरे वसूल केली.

या मोहिमेची बांधणी पाहण्यासारखी आहे. जहाजे बहुतेक राजाची, सैनिकही राजाचे. पण खर्च उचलला सँ-मालोच्या व्यापाऱ्यांनी आणि त्यांच्यासारख्या भागीदारांनी. आज आपण जिला सरकारी-खासगी भागीदारी म्हणतो, तशीच ही रचना. परतताना वादळात दोन जहाजे शेकडो माणसांसह बुडाली. तरी भागीदारांना भरघोस नफा झाला. बुडालेल्यांचा हिशेब नफ्याच्या वहीत येत नाही.

तिसरा जाक कासार, नाँतचा, जन्म १६७९. याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. १७१२-१३ मध्ये त्याने केप व्हर्देपासून सुरिनाम आणि कुरासाओपर्यंत पोर्तुगीज आणि डच वसाहतींकडून खंडण्या वसूल केल्या. त्याआधी मार्सेयला धान्याचे ताफे सुखरूप पोचवण्यासाठी त्याने पदरचा पैसा घातला होता. तो परत मिळावा म्हणून तो वर्षानुवर्षे दरबारात खेटे घालत राहिला. उत्तर मिळाले नाही. स्वभाव कडवट झाला, जीभ सैल सुटली, आणि पंधराव्या लुईचा मंत्री फ्लरी याने त्याला आम येथील किल्ल्यात डांबले. तिथेच १७४० मध्ये तो मेला. आपले येणे मागणारा एक नागरिक, एवढाच त्याचा गुन्हा. पुढे फ्रेंच नौदलाने त्याचे नाव पुन्हा पुन्हा जहाजांना दिले. त्याचे देणे मात्र त्याच्या हयातीत फिटले नाही.

हुगळीच्या मुखाशी

आता त्या पुतळ्यातल्या माणसाकडे. सुरकूफचा जन्म १७७३ चा. हिंदी महासागरातले मॉरिशस बेट तेव्हा फ्रान्सचे होते आणि त्याचे नाव होते इल द फ्रान्स. युरोपातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या इंग्रजी जहाजांच्या वाटेवर हे बेट पाळत ठेवायला सोयीचे होते. बंगालचा उपसागर तिथून काही आठवड्यांच्या अंतरावर.

हुगळी नदीचे मुख वाळूच्या दांड्यांनी भरलेले आहे. नवख्या जहाजाला आत नेण्यासाठी वाटाड्यांची छोटी गलबते समुद्रात उभी असत. सुरकूफने असे एक गलबत पकडले आणि त्याच्यावर आपली माणसे चढवली. २९ जानेवारी १७९६ रोजी ईस्ट इंडिया कंपनीचे 'ट्रायटन' हे मोठे जहाज दिसले. वाटाड्या आला, असे समजून ट्रायटनवाले निर्धास्त राहिले. सुमारे वीस माणसांनी दीडशेजणांचे जहाज काबीज केले.

या पराक्रमातली मेख नंतर उघड झाली. त्या सफरीसाठी सुरकूफजवळ लुटीचा परवानाच नव्हता! इल द फ्रान्सच्या गव्हर्नरने त्याला साध्या व्यापारी फेरीचे कागद दिले होते. त्यामुळे गव्हर्नरने पकडलेला सारा माल सरकारजमा केला. सुरकूफ पॅरिसला गेला, भांडला आणि १७९७ मध्ये सरकारकडून मोठी भरपाई मिळवून परतला. म्हणजे फ्रान्सच्या सर्वांत प्रसिद्ध कोर्सेरची सर्वांत धाडसी पकड कायद्याच्या काट्यावर चाचेगिरीच्या बाजूला झुकत होती. पॅरिसच्या निर्णयाने ती मागाहून स्वच्छ झाली.

७ ऑक्टोबर १८०० रोजी त्याच पाण्यात त्याने 'कॉन्फियान्स' या लहान जहाजानिशी कंपनीच्या 'केंट'वर हल्ला केला. केंटवर जवळजवळ दुप्पट तोफा आणि दुपटीहून अधिक माणसे होती, कारण ब्राझीलच्या किनाऱ्यावर जळालेल्या 'क्वीन' या दुसऱ्या जहाजावरचे लोकही त्यावर चढले होते. सुरकूफ इतका जवळ घुसला की केंटच्या तोफांचे गोळे डोक्यावरून जाऊ लागले. डोलकाठ्यांवर बसलेल्यांनी वरून बंदुका आणि हातगोळे चालवले, कप्तान रिव्हिंग्टन पडला आणि जहाज हाती आले. पुढे एका कैदी इंग्रज अधिकाऱ्याने त्याला टोमणा मारला, की तुम्ही पैशासाठी लढता, आम्ही अब्रूसाठी. यावर सुरकूफ म्हणाला, जो तो आपल्याजवळ नसलेल्या गोष्टीसाठी लढतो. हा किस्सा खरा असो वा रचलेला, सँ-मालोत तो प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात.

जे ऐकवत नाहीत, ते असे. फ्रान्सच्या क्रांतिकारी सभेने फेब्रुवारी १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली. त्यानंतरच्याच वर्षी सुरकूफ आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटांवर उतरवत होता. उतारवयात जहाजमालक म्हणून गडगंज झाल्यावरही त्याचा पैसा त्या धंद्यापासून दूर राहिला नाही. लुटलेल्या जहाजाला निदान न्यायमंडळापुढे जाण्याची सोय होती. त्या माणसांना तीही नव्हती.

धंदा संपला, नावे उरली

क्रिमियाच्या युद्धानंतर, १६ एप्रिल १८५६ रोजी पॅरिसमध्ये युरोपातल्या राष्ट्रांनी जाहीरनामा काढून कोर्सेरांचा धंदा बंद केला. व्यापारात सर्वांत पुढे असलेल्या ब्रिटनला हे हवेच होते. अमेरिकेने सही केली नाही. ज्याचे आरमार लहान, त्याच्या हातचे शस्त्र तेवढे काढून घेतले जात आहे, असा तिचा आक्षेप होता.

धंदा गेला तरी नावे राहिली. ती कधीच नौदलाकडे आली होती. 'द्युगे-त्रुएँ' नावाचे चौऱ्याहत्तर तोफांचे फ्रेंच जहाज १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईतून निसटले आणि पंधरवड्यातच इंग्रजांच्या हाती पडले. त्यांनी त्याचे 'इम्प्लॅकेबल' असे नामकरण करून ते जवळजवळ दीडशे वर्षे वापरले. दुसऱ्या महायुद्धानंतर डागडुजीला पैसा उरला नाही. २ डिसेंबर १९४९ रोजी ब्रिटिश आणि फ्रेंच अशी दोन्ही निशाणे चढवून ते समुद्रात बुडवण्यात आले. त्याचा मागचा नक्षीदार सज्जा ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे.

'जाँ बार' ही युद्धनौका जून १९४० मध्ये सँ-नाझेरच्या गोदीत अर्धवट बांधलेली होती. जर्मन सैन्य जवळ येताच, १९ जूनच्या पहाटे, कधीच न तपासलेल्या इंजिनांवर तिला बाहेर काढले आणि मोरोक्कोतल्या कासाब्लांकाला नेले. नावाला शोभेसे पलायन! पण नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकन सैन्य तिथे उतरू लागले, तेव्हा पेताँच्या विशी सरकारच्या हुकुमाने तिच्या तोफा चालल्या त्या अमेरिकनांवर. त्याच महिन्यात, २७ तारखेला, जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून तुलाँ बंदरातले फ्रेंच आरमार फ्रेंचांनी स्वतःच बुडवले. त्यात 'कासार' ही विनाशिकाही होती.

या सगळ्यांत 'सुरकूफ' पाणबुडीची कथा सर्वांत विलक्षण. १९२९ मध्ये तिचे जलावतरण झाले, तेव्हा जगात तिच्याएवढी मोठी पाणबुडी नव्हती. लांबी ११० मीटर. वर क्रूझरला शोभतील अशा २०३ मिलिमीटरच्या दोन तोफा, पोटात घडी करून ठेवलेले छोटे समुद्री विमान, तपासणीसाठी जाणाऱ्या माणसांकरिता मोटारबोट आणि पकडलेल्या जहाजावरच्या सुमारे ४० कैद्यांसाठी खोली. ही मांडणी वाचताना मला हसू आले. शत्रूचे व्यापारी जहाज गाठायचे, थांबवायचे, तपासायचे, माणसे ताब्यात घ्यायची, हे सगळे १६८१ च्या कायद्यातलेच काम. अभियंत्यांनी नुसते नाव घेतले नव्हते, धंदाही घेतला होता.

जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला आणि ही पाणबुडी दुरुस्तीच्या अवस्थेत प्लिमथला पोचली. जाँ बार आणि द्युगे-त्रुएँ जिथून निसटले, तेच हे बंदर. फ्रेंच जहाजे हिटलरच्या हाती जाऊ नयेत म्हणून ३ जुलैच्या पहाटे ब्रिटिश सैनिक तिच्यावर चढले. कालपर्यंतच्या मित्रांमध्ये गोळीबार झाला. तीन ब्रिटिश आणि एक फ्रेंच मेला. नंतर ती द गॉलच्या स्वतंत्र फ्रेंच दलाच्या निशाणाखाली चालली. १८ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री पनामा कालव्याकडे जाताना कॅरिबियन समुद्रात ती नाहीशी झाली. एका अमेरिकन मालवाहू जहाजाची अंधारात तिला धडक बसली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १३० माणसे गेली. इंग्रजांच्या शत्रूचे नाव घेतलेली ही पाणबुडी इंग्रजांच्या बाजूने लढताना बुडाली.

ही नावे अजून पाण्यावर आहेत. 'कासार' आणि 'जाँ बार' या विमानवेधी फ्रिगेट अलीकडेच, अनुक्रमे २०१९ आणि २०२१ मध्ये, निवृत्त झाल्या. 'द्युगे-त्रुएँ' ही नव्या पिढीची अणुशक्तीवरची पाणबुडी आहे. 'सुरकूफ' ही फ्रिगेट १९९७ पासून सेवेत आहे. जानेवारी २०१३ मध्ये सोमालियाच्या किनाऱ्याजवळ एका व्यापारी जहाजावर हल्ला झाला. या 'सुरकूफ'ने बारा संशयित चाच्यांना पकडले आणि खटल्यासाठी मॉरिशसच्या हवाली केले. ज्या बेटावरून सुरकूफ विनापरवाना निघाला होता, त्याच बेटावर त्याच्या नावाचे जहाज चाच्यांना घेऊन आले.

आपल्या बाजूने पाहताना

मुंबईत फोर्ट भागात, जुन्या गोदीजवळ, भारतीय नौदलाचे 'आयएनएस आंग्रे' हे किनाऱ्यावरचे केंद्र आहे. ब्रिटिश काळात त्याला डलहौसीचे नाव होते. १९५१ मध्ये ते कान्होजी आंग्र्यांचे झाले. मुंबईकर इंग्रजांच्या दप्तरात हेच कान्होजी 'चाचा आंग्रिया' म्हणून येतात. तेव्हा मनात पहिला विचार येतो, की कान्होजी म्हणजे आपले सुरकूफ. मीही आधी तसेच समजत होतो.

पण तसे नाही. कान्होजी छत्रपतींचे सरखेल होते. त्यांचे आरमार व्यापाऱ्यांच्या भागीदारीतले नव्हते, राज्याचे होते. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने त्यांचे दस्तक घ्यावे, न घेतल्यास जहाज धरले जाईल, हा त्यांचा आग्रह होता. दस्तक घेणे म्हणजे हा समुद्र मराठ्यांचा आहे, हे मान्य करणे. कंपनीची नेमकी हरकत त्यालाच होती. म्हणून तिने विजयदुर्ग, खांदेरी आणि पोर्तुगिजांना सोबत घेऊन १७२१ मध्ये कुलाबा यांवर चढाया केल्या, आणि त्या फसल्या. सुरकूफजवळ लुटण्याचा परवाना होता. कान्होजी स्वतःच परवाना देणारे होते. इंग्रजांनी दोघांना एकच शब्द लावला, कारण त्यांच्या दृष्टीने समुद्रावर परवाना देण्याचा अधिकार एकाच राज्याला होता.

माझगाव गोदीत बांधलेली 'खांदेरी' पाणबुडी २०१९ मध्ये आपल्या नौदलात आली. तिचा आराखडा फ्रेंच आहे. 'द्युगे-त्रुएँ' बांधणाऱ्या नेव्हल ग्रुप कंपनीचाच. तिला नाव मात्र शिवरायांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांच्या नाकावर टिच्चून तटबंदी केलेल्या बेटाचे आहे. परक्या आराखड्याच्या जहाजालाही देश स्वतःची आठवण देतो. तसे करण्याचा त्याला हक्क आहे. मात्र त्या आठवणीत काय घ्यायचे आणि काय गाळायचे, हेही तोच ठरवतो. डंकर्कचे धान्य जहाजाच्या नावात येते. सुरकूफने नेलेले गुलाम येत नाहीत, कासारचे थकलेले देणे येत नाही.

सँ-मालोच्या त्या बाईंना आज उत्तर द्यायचे झाले, तर मी म्हणेन, आमच्याकडे त्याला अजून नाव नाही. त्याने आमच्या समुद्रात जी जहाजे धरली, ती आमची नव्हती. ती आम्हाला लुटायला आलेल्यांची होती. आणि ज्यांना त्याने बेड्या घालून नेले, त्यांना त्याचे नाव काय, हे बाईंनी किंवा मी विचारलेले नाही.